एप्रिल-मे मधलं लांब पळणं आणि अंगावरचं जॅकेट

मास्तरीणबाई (दिग्रस तालुका, यवतमाळ)

नमस्कार. प्रश्न उन्हाचा आहे, पण नुसता उन्हाचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ३६, उंची पाच फूट एक इंच, वजन सांगणार नाही. दिवाळीनंतर पळायला लागले. आधी नुसतं चालणं, मग थोडं चालणं थोडं पळणं, आता आठ किलोमीटर न थांबता होतात. वेग विचारू नका. डिसेंबरात नागपूरला २१ किलोमीटरची दौड करायची आहे आणि त्यासाठी उन्हाळ्यात खंड पडू द्यायचा नाही, असं ठरवलंय.

थंडीत काही अडचण नव्हती. अंगावर नायलॉनचं जॅकेट, कानाला स्कार्फ. गावात सगळेच तसे फिरत होते. हे जॅकेट कमरेच्या चांगलं खाली येतं, पोट आणि मागचं सगळं झाकतं. होळी झाली, घरोघरचे स्वेटर पेटीत गेले, माझं जॅकेट मात्र अंगावरच राहिलं. आता एप्रिल संपत आलाय. पहाटे साडेपाचला सुद्धा २७-२८ असतं आणि मी गळ्यापर्यंत चेन ओढून निघते.

रस्ता असा आहे: घरातून निघालं की पानठेला, पुढे दूध संकलन, तिथून पांदण आणि मग अरुणावतीच्या कॅनलच्या कडेचा मुरमाचा रस्ता. कॅनलवर कोणी नसतं. अडचण पानठेल्यापासून दूध संकलनापर्यंतची. तिथे दुधाचे कॅन घेऊन उभे असलेले निम्मे लोक माझ्या विद्यार्थ्यांचे बाप. "मॅडम, झालं का काही कमी?" हे रोजचं. बायका निदान तोंडावर बोलतात, "काऊन पयतं व बाई, कुत्रं लागलं का मांगं?" त्याचं वाईट वाटत नाही, हसून पुढे जाते. पण कोणी काही न बोलता नुसतं खालून वर पाहिलं ना, की पुढचा किलोमीटरभर मला माझं पोट हलताना जाणवत राहतं. पायाकडे लक्षच जात नाही.

त्यात नणंदेनं पट्टा आणून दिला. घाम काढायचा, आतून रबराचा, पोटावर आवळून बांधायचा. तिच्या मैत्रिणीचे म्हणे चार इंच उतरले. जॅकेटच्या आत तो बांधून पळते. काढते तेव्हा आतून पाणी निथळतं आणि कमरेवर लाल वळ उमटलेला असतो. मांड्या घासून सोलतात ते वेगळंच. खोबरेल लावते, पण या दिवसांत ते दोन किलोमीटरात ओघळून जातं.

रविवारी सहाव्या किलोमीटरला अंगावर काटा आला. खरंच काटा, थंडी वाजल्यासारखा, आणि तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. डोकं हलकं झालं, कॅनलच्या पुलावर बसून राहिले. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाईंनी एका वाक्यात विषय संपवला असता, "जाड अंगाले ऊन बाधतेच." त्या वाईट मनाने बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं वाटतं.

तर विचारायचं हे: असा काटा येणं कशाचं लक्षण? जॅकेट काढायचं तर त्याजागी काय घालायचं, की जे घालून मी पानठेल्यासमोरून जाऊ शकेन? आणि सासूबाई म्हणतात त्यात काही तथ्य आहे का?

डोंगरवाट (पुणे)

ताई, सरळ सांगतो, लोकांकडे लक्ष देऊ नका. शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा रनिंग टी-शर्ट घाला, कानात गाणी लावा. चार दिवस बोलतील, मग गप्प बसतील. आपलं शरीर आपलं आहे. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या मापांच्या बायका आहेत, कोणी वळून बघत नाही.

तेही जमत नसेल तर मे महिना ट्रेडमिलवर काढा.

मास्तरीणबाई

दादा, सल्ला मनापासून दिलाय म्हणून मनापासूनच उत्तर देते. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी वळून बघत नाही कारण तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. मला इथे ओळखत नाही असा माणूसच नाही. ज्याच्यासमोरून शॉर्ट्स घालून जायचं, त्याच्याच पोराची गैरहजेरी विचारायला दुपारी त्याच्याच घरी जायचं असतं. तो बोलणार नाही, पण त्याच्या पोराला शाळेत मोठी पोरं बोलतील. लोक गप्प बसतील हे खरं असेलही. मला तेवढी वाट बघायची नाही, मला उद्या पहाटे पळायचं आहे.

ट्रेडमिल तालुक्यालाही कुठे पाहिली नाही. असली तरी लाईट कोण देणार?

तलावाकाठचा (ब्रह्मपुरी)

मास्तरीणबाई, तुमचं बरोबर आहे. गावातला सल्ला गावात चालला पाहिजे. मी ५८ वर्षांचा आहे, बँकेतून निवृत्त, पुष्कळ वर्षांपासून पळतो. आमची ब्रह्मपुरी मे महिन्यात तापमानाच्या यादीत वर असते, ४५-४६ आम्हाला नवं नाही. शहरवाले म्हणतात पहाटे चारला निघा. आमच्याकडे पहाटे चारला रस्त्यावर वाघ असतो, आणि हे गंमत म्हणून सांगत नाही. अंधारात आम्ही फक्त शाळेच्या मैदानावर गोल फिरतो, उजाडलं की बाहेर.

तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि बरंच नाही. पळताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातला साधारण पाऊण भाग नुसती उष्णता होऊन जातो. वजन जास्त असलं की त्याच वेगाला उष्णता जास्त तयार होते आणि वजनाच्या मानाने ती बाहेर टाकायला कातडी कमी पडते. म्हणून तुमच्या शेजारून पळणाऱ्या काटक पोरीपेक्षा तुम्ही लवकर तापाल. उपाय एकच, वेग कमी. यात लाजण्यासारखं काही नाही. पण काटक असला म्हणजे ऊन लागत नाही, हे साफ खोटं. १९८४ साली लॉस एंजेलिसला बायकांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन झाली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये आली ती वाकडी होत, झोकांड्या खात. शेवटच्या ४०० मीटरला तिला जवळपास पावणेसहा मिनिटं लागली. ३७ वी आली. तिच्या अंगावर चिमटीत धरायला चरबी नव्हती.

आता जॅकेट. घाम गार करत नाही, घाम वाळणं गार करतं. हे तुमच्या घरातल्या कूलरसारखं आहे. मे महिन्यात हवा कोरडी, ताटीवरचं पाणी भराभर उडतं, खोली गार होते. जुलैत तोच कूलर, तेच पाणी, आणि नुसती चिकचिक. नायलॉनचं जॅकेट घालून तुम्ही भर मे महिन्यात स्वतःच्या अंगापुरता जुलै तयार करता आहात. आणि त्याच्या आत तो पट्टा म्हणजे कूलरच्या ताटीवर ताडपत्री. आज जाळून टाका.

उलट आपल्याकडे एक सोय आहे जी मुंबईवाल्यांना नाही. सुती दुपट्टा ओला करून मानेवर टाकला तर या कोरड्या हवेत तो खरंच गार राहतो. वाळला की पुन्हा भिजवायचा. मी टोपीसुद्धा भिजवून घालतो. जूनच्या मध्यापासून, पावसाआधी हवा दमट झाली की याचा उपयोग संपतो. म्हणून तुम्ही मे पेक्षा जूनच्या शेवटाला जास्त जपा. थर्मामीटर ३४ दाखवतो, आपल्याला वाटतं सुटलो. तेव्हाच लोक पडतात.

उपकेंद्रवाली (आर्वी, वर्धा)

मी आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे, दर उन्हाळ्यात ऊन लागलेली माणसं बघते, बहुतेक मजूर आणि गवंडी. ताई, रविवारी जे झालं ते हलक्यात घेऊ नका. उन्हात अंगावर काटा, थंडी वाजणं, डोकं हलकं होणं ही शरीर आता आवरत नाहीये याची खूण आहे. तिथे थांबलात ते चांगलं केलं. पुढच्या वेळी काटा आला की त्याच क्षणी पळणं बंद, सावली, आणि बाटलीतलं पाणी प्यायच्या आधी डोक्यावर आणि मानेवर. "एवढं घरापर्यंत नेऊ" हा विचार करायचाच नाही.

त्याच्या पुढची पायरी तुमच्या लक्षात येणार नाही, सोबतच्यांच्या येईल: बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो, माणूस उगाच चिडतो. अंगातलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. गावात समज आहे की घाम थांबला तरच ऊन लागलं म्हणायचं. मेहनत करणाऱ्याला घामाच्या धारा चालू असतानाही लागतं. आणि तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग नाही. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. बोरवर, हौदावर, जिथे पाणी असेल तिथे माणूस भिजवा, वारा घाला. आधी गार करणं, मग नेणं. खिशातला कांदा राहू द्या, त्याने नुकसान काही नाही, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

पट्ट्याबद्दल काका बोलले, मी एवढंच जोडते. काढल्यावर जे निथळतं ते पाणी आणि मीठ. एक लिटर घाम गेला की वजनकाटा एक किलो कमी दाखवतो, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतो. मैत्रिणीचे चार इंच दोन दिवसांनी परत आले असतील, ते कोणी सांगत नाही.

आता जे तुम्ही लिहिलं नाही ते विचारते. रात्रीचं जेवता का? सकाळी उपाशी पोटी निघता का? पाळी वेळेवर येते का? हिमोग्लोबिन कधी तपासलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. त्यात अंतर वाढवायचं आणि ताट कमी करायचं, दोन्ही एकदम, म्हणजे शरीराकडून उधारी. ती सगळ्यात आधी पाळीवर आणि हाडांवर निघते.

मास्तरीणबाई

ताई, तुम्ही समोर बसून विचारल्यासारखं विचारलंत. रात्री एक भाकर आणि वरण, कधी तेही नाही. भात मार्चपासून बंद. सकाळी पाणी पिऊन निघते. पाळी दोन महिने पुढे-मागे होतेय, मला वाटलं वय.

स्नेहसंमेलनाचा फोटो शाळेच्या ग्रुपवर आला होता. मी सगळ्यांत मागे, पोरांच्या आड उभी होते, तरी मीच मला आधी दिसले. भात त्या दिवशी बंद केला.

उपकेंद्रवाली

भात चालू करा. आजपासून. आणि पाळीचं वयावर ढकलू नका, आधी कमी खाण्याचा संशय. या आठवड्यात तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन करून घ्या, पाळीचंही बोला, आणि पळते हे आवर्जून सांगा. निघण्याआधी एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे. पळून आल्यावर तासाभरात जेवण.

पाण्याचं सोपं ठेवा. लघवी फिकट पिवळी असली की ठीक, गडद झाली की कमी पडतंय. काही जण पळण्याआधी आणि नंतर वजन करायला सांगतात. शास्त्र बरोबर आहे, पण तुम्ही वजनकाट्यापासून लांबच राहा. तासाच्या वर पळालात आणि घाम खूप गेला तर नुसतं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसची पाकिटं आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा. घरी ताक-मीठ, ज्वारीची आंबील, पन्हं, सगळं चालतं.

ग्राउंडवाला (पुसद)

रामराम मॅडम. मी पोलीस भरतीच्या पोट्ट्यायले ग्राउंडवर पयवतो. पोट्टीयचं ८०० मीटर, पोट्ट्यायचं १६००. तुमचं २१ किलोमीटर हाये, पण ऊन सारखंच.

एक गोष्ट कोणी सांगतली नाई. शरीराले उन्हाची सवय लागते, पण दहा-चौदा दिवस द्या लागते. त्या दिवसांत अंतर अर्धं करा, रोज थोडं थोडं, हळू. मंग घाम लवकर सुटते, घामातलं मीठ कमी जाते, छातीची धडधड कमी होते. तीन-चार आठवडे घरी बसलं का सवय गेली, पुन्यांदा सुरू. म्हणून लग्नसराईत खंड पडला तर आठवरून सुरुवात करू नका, तीनवरून करा.

वेग घड्याळावर नका पाहू. पयता पयता पूर्ण वाक्य बोलता आलं पाह्यजे. "आज शाळेत मले उशीर होऊन रायला" एवढं एका दमात निघालं का वेग बरोबर. नाई निघालं का चाला. चालनं म्हणजे हारनं नोहे. माह्याकडचे पोट्टे हे ऐकत नाई, भर चार वाजता छाती काढून पयते, मंग दोघं जण ओकत बसते झाडाखाली.

मांड्याले खोबरेल नका लावू, पेट्रोलियम जेली लावा, ते वितळलं तरी चिकटून रायते. आतून मांडीपर्यंतची घट्ट सायकलिंगची चड्डी घाला, वरून काई बी घाला, दिसत नाई. माह्याकडच्या साऱ्या पोट्ट्या तेच करते, बारीक असो का जाड. मांड्या बारक्यायच्या बी सोलते मॅडम, फक्त त्या सांगत नाई.

अन पानठेल्याचं. तुमी गाडीनं कॅनलपर्यंत जा ना. स्कूटी पुलावर लावा, जॅकेट डिक्कीत टाका, तिथून पया. येतानी घालून या. वाट बदलाले कोणाच्या बापाची परवानगी लागते का?

मास्तरीणबाई

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला सतत वाटत होतं की घरापासून पळत निघालं तरच ते खरं पळणं.

स्कूटी आहे. कॅनलवर सकाळी एकटी बाई आणि उभी गाडी हे घरी पटवावं लागेल, पण आठवीतली एक मुलगी आणि तिची मोठी बहीण भरतीची तयारी करतात, त्यांना सोबत घेतलं तर प्रश्न मिटेल. तिघी असलो की अंगावर नजरही विभागून येते. त्या दोघींना ग्राउंडवाल्या सरांचं वाक्य एका दमात म्हणून दाखवायला लावते, बघू कोण आधी अडखळतं.

कपड्याचं मात्र अजून अडलंय. टी-शर्ट मी घालणार नाही, कॅनलवरही नाही. तो भिजला की चिकटतो आणि जे झाकायचं तेच उठून दिसतं.

तलावाकाठचा (ब्रह्मपुरी)

मग टी-शर्ट कशाला? ढगळ, पातळ कापडाचा, पूर्ण बाह्यांचा कुर्ता. झाकलेलं अंग या कोरड्या उन्हात वाईट नसतं, शेतातल्या बाया पूर्ण बाह्यांचा शर्ट उगाच घालत नाहीत. अट एवढीच की कापडातून वारा गेला पाहिजे आणि कापड अंगाला चिकटून बसू नये. काखेत आणि पाठीला सैल. लांबी मांडीपर्यंत, दोन्ही बाजूंना उंच कट, म्हणजे पाऊल अडत नाही. मे महिन्यात पातळ सुती चांगलं, भिजून गारवा देतं. पाऊस लागल्यावर सुती जड होऊन लोंबतं, तेव्हा पातळ पॉलिस्टर घ्या. गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलंत तर दुकानातल्या रनिंगच्या कपड्यांच्या चौथाईतही पडणार नाही.

मास्तरीणबाई

काका, कुर्ता जमेल. शिंप्याकडे माप द्यायला जायचं, एवढंच जिवावर येतं. तो टेप लावतो आणि आकडा मोठ्याने ओरडून पोराला लिहायला सांगतो.

उपकेंद्रवाली

माप देऊच नका. अंगावर सैल बसणारा एखादा जुना कुर्ता नेऊन द्या, म्हणावं याच मापाचा, छातीत दोन इंच सैल, कट कमरेपासून. माझी आई आयुष्यभर असंच शिवून घेते. आणि पांढरं घेऊ नका, भिजलं की आरपार दिसतं. साधा फिका आकाशी आणि फिका राखाडीही नको, घामाचे डाग सगळ्यांत जास्त त्यांवरच उठतात. फिक्या रंगावर बारीक छापील फुलं असलेलं कापड घ्या, डाग त्यात हरवतात.

हिमोग्लोबिनचा आकडा आला की इथे लिहा. १२ च्या खाली असेल तर अंतर वाढवायचं मी सांगेन तेव्हा.

ग्राउंडवाला (पुसद)

अन त्या दोघी बहिणींयले रविवारी ग्राउंडवर पाठवा मॅडम, ८०० चा टाइम घेऊन देतो. फी नाई.